हरण्याची हौस

साठ सेकंद म्हणजे काही फार मोठा काळ नव्हे. चहाच्या पाण्याला आधण येण्यास त्याहून अधिक वेळ लागतो. आणि आमच्या बडोद्यात सणासुदीच्या संध्याकाळी मांडवीच्या गर्दीतून स्कूटर बाहेर काढायची म्हटली, तर त्याच्या दसपट तरी हवा. परंतु 'सुपर हेक्सॅगॉन' नावाचा एक खेळ आहे. त्यात साठ सेकंद टिकून दाखवण्यासाठी माणसे आठवडेच्या आठवडे खर्ची घालतात, आणि त्यांतली कित्येक तेवढे करूनही टिकत नाहीत. बक्षीस नाही, पदक नाही, पैसा तर नाहीच नाही. मग या मंडळींना त्यात मिळते तरी काय, हा प्रश्न गेले दोन महिने माझ्या डोक्यात घोळतो आहे.

आधी खेळ सांगतो. टेरी कॅव्हना नावाच्या आयरिश गृहस्थाने तो रचला आणि २०१२ साली प्रसिद्ध केला. मोबाइलच्या पडद्यावर मध्यभागी एक षट्कोन असतो. त्याच्या कडेकडेने एक एवढासा त्रिकोण फिरतो; तो म्हणजे आपण. चहूबाजूंनी भिंती आत आत सरकत येतात. प्रत्येक भिंतीला कुठे ना कुठे फट असते. त्या फटीत त्रिकोण नेऊन उभा करायचा, की भिंत आपल्याला न शिवता निघून जाते. बस्स, एवढेच. डावीकडे फिरा, नाही तर उजवीकडे फिरा. तिसरी हालचाल नाही. सोडवायला राजकन्या नाही आणि मारायला राक्षस नाही. मात्र सगळा पडदाच गरगर फिरत असतो, मध्येच उलटा फिरू लागतो, रंग नाडीसारखे ठोके देतात, आणि 'चिपझेल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीतकार बाईंनी रचलेले संगीत पाठीमागे असे धडधडत असते, की शांत माणसालाही गाडी चुकल्यासारखे वाटावे.

नवख्याचा त्रिकोण तिसऱ्या-चौथ्या सेकंदालाच भिंतीवर आपटतो. एक बाईचा आवाज शांतपणे 'गेम ओव्हर' म्हणतो. बोट टेकवले, की तोच आवाज तितक्याच शांतपणे 'बिगिन' म्हणतो. १० सेकंद टिकलात तर 'रेषा', २० ला 'त्रिकोण', ३० ला 'चौकोन', ४५ ला 'पंचकोन' आणि ६० ला 'षट्कोन' असा तो आवाज आपला हुद्दा वाढवीत नेतो. पायऱ्यांची नावे तर पाहण्यासारखी आहेत. सर्वांत सोप्या पायरीचे नाव 'कठीण', दुसरीचे 'अधिक कठीण', तिसरीचे 'सर्वांत कठीण'. आणि त्यापुढच्या तीन पायऱ्यांसाठी कर्त्याने इंग्रजी व्याकरण वाकवून 'कठीणतमतम' अशा धर्तीचे शब्द पाडले आहेत. सोपा माल या दुकानात ठेवलेलाच नाही.

या खेळाशी माझी ओळख झाली ती एका कौटुंबिक फिर्यादीमुळे. माझी भाची एके दिवशी संध्याकाळी आली आणि टेकता टेकताच म्हणाली, "मामा, तुमचं तरी तो ऐकेल. तुम्ही सांगा त्याला." तो म्हणजे तिचा मुलगा. वय अठरा. गेल्या वर्षी एका प्रवेश परीक्षेत त्याला हवे तितके गुण मिळाले नाहीत. यंदा पुन्हा बसायचे आहे. घरात त्या एका गोष्टीखेरीज दुसरा विषय नाही. आणि हा रोज तासभर त्या फिरत्या षट्कोनात डोळे घालून बसतो. "बरं, जिंकतो म्हणावं, तर तेही नाही," भाची म्हणाली, "तासभर बसतो आणि तासभर हरतो!"

मला तिच्या फिर्यादीतला हा शेवटचा भाग विशेष वाटला. मुलगा खेळतो याचे आईला दुःख होतेच. परंतु तो हरण्यासाठी खेळतो, हे तिच्या समजुतीपलीकडचे होते. खरे म्हणजे ते कोणाच्याही समजुतीपलीकडचे आहे. एक हार पचवताना ज्या घराची दमछाक झाली, त्याच घरातला मुलगा तासाला शंभर हारी हौसेने का विकत घेतो?

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. पहिल्या पाव तासात तो ४१ वेळा हरला, मी मोजले. एकदाही त्याने सुस्कारा टाकला नाही की मोबाइल आपटला नाही. मी विचारले, "अरे, हरायचा कंटाळा नाही येत?" पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "आजोबा, इथे कुठे आपटलो ते दिसतं. परीक्षेचा निकाल लागायला महिना जातो, आणि लागतो तोही नुसता आकडा." मग जरा थांबून, म्हणजे आणखी एकदा आपटून, म्हणाला, "आणि इथे कुणी भेटायला येत नाही." नापास झालेल्या मुलाच्या घरी आपण नातेवाईक सांत्वनाला जातो, त्याला उद्देशून ते होते. मी त्या वेळी चहाचा कप खाली ठेवला आणि गप्प बसलो.

पण एका मुलाच्या उत्तराने सगळ्यांचा उलगडा होत नाही. हा कठीणपणा मुळात आला कुठून, ते पाहिले पाहिजे. आणि त्याचा उगम काही फार सोज्वळ नाही. तो गल्ल्यात आहे.

१९७२ साली कॅलिफोर्नियातल्या अटारी कंपनीचे नोलन बुशनेल यांनी अॅलन अल्कॉर्न या तरुण इंजिनिअराकडून 'पाँग' नावाचा खेळ बनवून घेतला: काळा पडदा, दोन पांढऱ्या पट्ट्या आणि एक ठिपका. पहिले यंत्र सनीव्हेल गावातल्या एका दारूच्या गुत्त्यात ठेवले. काही दिवसांनी यंत्र बंद पडल्याची तक्रार आली, म्हणून अल्कॉर्न पाहायला गेले. तर नाण्यांची पेटी काठोकाठ भरल्यामुळे यंत्र अडले होते. त्या यंत्रावरच्या सूचनेचा सारांश एवढाच होता, की चेंडू चुकवू नका म्हणजे गुण वाढतील. खेळ शिकायला सोपा आणि हस्तगत करायला अवघड असावा, हे बुशनेल यांचे सूत्र पुढे त्या धंद्याचे ब्रीदच झाले. गणित उघड आहे. खेळ सोपा असेल तर एका नाण्यात गिऱ्हाईक तास काढील. अति अवघड असेल तर दुसरे नाणे घालणार नाही. तेव्हा त्याला हरवायचे, पण असे हरवायचे, की आणखी एक नाणे घातले तर जमेल असे त्याला वाटावे.

कधी कधी हा कठीणपणा आपोआपही हाती लागला. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी ताइतो कंपनीसाठी 'स्पेस इन्व्हेडर्स' रचला. वरून परग्रहावरचे ५५ शत्रू रांगांनी खाली उतरतात, त्यांना टिपायचे. त्या काळच्या यंत्राची कुवत इतकी बेताची, की ५५ आकृत्या हलवताना त्याला धाप लागे. जसजसे शत्रू मरत, तसतसे यंत्राचे ओझे हलके होई आणि उरलेले शत्रू अधिकाधिक वेगाने धावू लागत. निशिकादो यांनी ही उणीव दुरुस्त केली नाही, तशीच ठेवली. म्हणजे आपण जितके यशस्वी, तितका खेळ बिकट! शेवटचा एकटा शत्रू सर्वांत चपळ. संसारातही असेच असते असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरतो.

आता नाणे घालायची ती दुकाने बहुतेक देशांतून गेली. 'सुपर हेक्सॅगॉन' एकदा विकत घेतला की पुढे दमडी मागत नाही. कितीही वेळा हरा, कर्त्याला त्यातून काही मिळत नाही. गल्ला गेला, तरी कठीणपणा राहिला. आणि लोक तो मुद्दाम मागून घेतात. तेव्हा गल्ल्याने शोधून काढलेली ही गोष्ट माणसात आधीपासूनच असली पाहिजे.

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७८ च्या 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची जी व्याख्या केली, तिचा आशय असा, की नसलेले अडथळे आपणहून मांडून ते ओलांडण्याची खटपट म्हणजे खेळ. गोल्फचा चेंडू भोकात घालायचाच असेल, तर हाताने उचलून टाकावा. पण तसे कोणी करीत नाही. आपल्या घरांतल्या आज्या-पणज्यांना सूट्स ठाऊक नव्हते, सागरगोटे ठाऊक होते. एक गोटा वर उडवायचा आणि तो खाली येण्यापूर्वी जमिनीवरचा एक उचलून दोन्ही झेलायचे. मग दोन-दोन, मग तीन, मग सगळे एकदम. साहित्य म्हणाल तर पाच बिया. दुपारच्या वेळी ओसरीवर बसून पोरीबाळीच नव्हे, तर नातवंडे झालेल्या बायकाही त्यात रंगत. चुकले की डाव दुसरीकडे, आणि आपली पाळी येईपर्यंत बोटे आतल्या आत वळवळत राहायची. गोटे उचलण्यासाठी इतकी यातायात करायची गरज नव्हती, आणि म्हणूनच करण्यात मजा होती.

तरीही बाहेरून पाहून हे पुरते कळेना, म्हणून मी तो खेळ माझ्या मोबाइलवर घेतला. पहिले तीन दिवस माझी मजल सहा सेकंदांपलीकडे गेली नाही. डोळ्यांना भिंत दिसे, मन म्हणे 'उजवीकडे', आणि बोटापर्यंत निरोप पोहोचेपर्यंत कार्यभाग आटोपलेला असे. नवव्या दिवशी एक चमत्कारिक गोष्ट झाली. भिंतींची एक मालिका आली, आणि मी काही ठरवण्यापूर्वीच बोटाने डावी-उजवी-डावी अशी वळणे घेतली. 'रेषा,' बाई म्हणाल्या. माझ्याच हाताने माझ्या नकळत काहीतरी शिकून ठेवले होते. मग ध्यानात आले, की भिंती येण्याचा क्रम बदलतो, पण त्यांच्या रचना ठरलेल्या आहेत; ओळखीच्या माणसाची चाल दुरून ओळखावी, तशा त्या ओळखू येऊ लागतात. ज्या वेगाला पहिल्या दिवशी मी भोवंडून गेलो, तोच वेग आता सावकाश वाटू लागला होता. वेग तोच होता. पालटलो होतो मी.

या अनुभवाचा सर्वांत बारीक वृत्तांत डेव्हिड सडनाव या अमेरिकन गृहस्थांनी लिहून ठेवला आहे. ते समाजशास्त्रज्ञ, आणि जॅझ पियानो वाजवणारे. पियानो शिकताना आपल्या बोटांचे काय काय होत गेले, याचे वर्णन त्यांनी १९७८ च्या 'वेज ऑफ द हँड' या पुस्तकात केले. आणि १९८३ साली 'पिलग्रिम इन द मायक्रोवर्ल्ड' हे दुसरे पुस्तक लिहिले, ते सबंध पुस्तक एका खेळाविषयी, 'ब्रेकआउट'विषयी! खालची पट्टी सरकवून चेंडू परतवायचा आणि वरची विटांची भिंत फोडायची, एवढाच तो खेळ. हा विद्वान माणूस महिनोन्महिने त्या भिंतीपुढे बसला. सुरुवातीचेच फटके पुन्हा पुन्हा घोटू लागला. नजर कुठे ठेवावी, खांदा कसा असावा, याचा खल करू लागला. वाचताना हसू येते, परंतु बडोद्यात राहणाऱ्याला त्यात अपरिचित असे काही नाही. १८८६ साली मौलाबक्षांच्या देखरेखीखाली जी गायनशाळा येथे सुरू झाली, तिच्या वाटेने जाणाऱ्यांनी तोच पलटा शंभरदा ऐकलेला आहे. पलटा घोटणाऱ्या मुलाला 'तू हरतो आहेस' असे कोणी म्हणत नाही.

पलट्याच्या शेवटी राग आहे, समोर बसलेला श्रोता आहे, आणि षट्कोनाच्या शेवटी पुन्हा षट्कोनच आहे, हा फरक मी विसरत नाही. तरी घोटण्यातला जो आनंद आहे, तो दोन्हीकडे एकाच जातीचा असावा. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ सालच्या आपल्या पुस्तकात डोंगर चढणारे, बुद्धिबळ खेळणारे, नर्तक, शल्यचिकित्सक अशांना हेच विचारले होते, की बाहेरून काही मिळो न मिळो, तुम्ही यात का रमता? उत्तरांचा इत्यर्थ असा निघाला, की काम आपल्या कुवतीच्या अगदी काठावर असले, म्हणजे कंटाळाही येत नाही आणि धास्तीही वाटत नाही. मधल्या चिंचोळ्या वाटेवर माणूस स्वतःला विसरतो. येस्पर यूल या डॅनिश अभ्यासकाला तर असे आढळले, की एकदाही न हरता खेळ पुरा करणाऱ्यांपेक्षा थोडे हरून मग पुरा करणाऱ्यांनाच तो अधिक आवडला. फुकटच्या विजयाला चव नसते, हे त्याने आकड्यांनी दाखवले एवढेच.

येथपर्यंत लिहून थांबलो असतो, तर माझ्या भाचीवर अन्याय झाला असता. कारण याच वाटेला एक काळी वाट लागून आहे. नताशा डाउ शूल या अभ्यासक बाईंनी लास व्हेगासमधल्या जुगाराच्या यंत्रांवर वर्षानुवर्षे बसणाऱ्या लोकांविषयी २०१२ साली एक पुस्तक लिहिले. त्या जुगाऱ्यांनी त्यांना सांगितले, की आम्ही जिंकण्यासाठी खेळतच नाही; खेळत राहता यावे म्हणून खेळतो. तीच समाधी, तेच जगाचे विस्मरण, तोच 'आणखी एकदा'चा हव्यास. आणि थोडक्यात हुकले असे वारंवार वाटायला लावणे, ही त्या यंत्रांचीही जुनी विद्या आहे. मग षट्कोनापुढचा आमचा मुलगा आणि यंत्रापुढचा तो जुगारी यांत फरक कोणता?

मला जो दिसतो तो हा: जुगाराच्या यंत्रापुढे दहा हजारावी खेप अगदी पहिल्यासारखीच असते. हाताला काही येत नाही, कारण तेथे हाताला काही करायचेच नाही. षट्कोनाचे तसे नाही. तेथे आपटलो तर ती चूक निखालस आपली. ना नशिबाची, ना परीक्षकाची. आणि म्हणूनच ती उद्या सुधारण्याजोगी. ज्या खेळाने महिनाभरात हाताला काही शिकवले नाही, तो खुशाल फेकून द्यावा. हल्ली फुकट म्हणून मिळणारे आणि हरल्यावर पुढचा 'जीव' पैशाने विकणारे जे खेळ निघाले आहेत, ते माझ्या हिशेबी पुन्हा गल्ल्याकडे वळले आहेत.

मधल्या मुलखातलेही एक उदाहरण आहे. व्हिएतनामच्या हनोई शहरातल्या न्गुएन हा डोंग या तरुणाने २०१३ च्या मे महिन्यात 'फ्लॅपी बर्ड' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. पडद्यावर टिचकी मारली की पक्षी पंख मारतो, नळांच्या मधल्या फटींतून त्याला न्यायचे; एक फट, एक गुण. २०१४ च्या जानेवारीत तो जगभर पसरला. जाहिरातींतून दिवसाला ५०,००० डॉलर मिळत असल्याचे वृत्त होते. आणि फेब्रुवारीत या माणसाने तो खेळ बाजारातून काढून घेतला! घटकाभर विरंगुळा म्हणून केलेल्या वस्तूचे लोकांना व्यसन लागले, हे त्याने दिलेले कारण. दिवसाला तेवढे डॉलर सोडणारा माणूस माझ्या तरी पाहण्यात दुसरा नाही.

भाचीला मी एवढेच सांगितले, की तासभर ठीक आहे, दोन तास नकोत. आणि तो हरतो याचे वाईट वाटून घेऊ नको, हरल्यावर उठून बसण्याची सवय त्याला तेथे लागते आहे. ती म्हणाली, "मामा, पण परीक्षा काही साठ सेकंदांची नसते." याला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि अजून नाही. त्रिकोण फिरवण्यात तरबेज झालेले बोट रसायनशास्त्राच्या उपयोगी पडते, असे कोणी सिद्ध केल्याचे मी वाचलेले नाही.

तिची आणखी एक तक्रार होती, की तो एकटा एकटा राहतो. तो एकटा दिसतो, हे खरे. परंतु हे खेळाडू एकमेकांवर डोळा ठेवून असतात. १९७९ च्या 'अॅस्टरॉइड्स'च्या यंत्रावर उत्तम गुण मिळवणाऱ्याला आपली तीन आद्याक्षरे कोरता येत. परक्या गावच्या परक्या मुलाला त्या तीन अक्षरांशी झुंजायला ती पुरत. या मंडळींचे एकमेकांत काय चालते, हे पाहायचे असेल तर 'टेट्रिस'ची कथा ऐकावी.

अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली मॉस्कोत रचलेला, वरून पडणारे ठोकळे रांगेत बसवण्याचा हा खेळ बहुतेकांनी पाहिला असेल. त्याच्या १९८९ च्या निन्टेन्डो आवृत्तीत २९ व्या पातळीला ठोकळे इतक्या वेगाने पडू लागतात, की बटण दाबून धरले तरी ते कडेपर्यंत पोहोचत नाहीत. वर्षानुवर्षे तो खेळाचा अंतच मानला जाई. मग काहींनी अंगठा थरथरवून बटण वेगाने मारण्याचे तंत्र बसवले. पुढे २०२० च्या सुमारास आणखी एक युक्ती निघाली: एका हाताचा अंगठा बटणावर नुसता टेकवायचा, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्या यंत्राच्या पाठीवर एकामागून एक असे ठोके द्यायचे, तबल्यावर तिरकिट वाजवावे तसे. ही विद्या कोणी लपवून ठेवली नाही. एकाने दाखवली, दुसऱ्याने उचलली, तिसऱ्याने घोटली. २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातला १३ वर्षांचा मुलगा याच तंत्राने सुमारे ३८ मिनिटे खेळत १५७ व्या पातळीला पोहोचला, आणि यंत्रालाच पुढचे सुचेना. पडदा गोठून गेला. तोवर तेथपर्यंत फक्त संगणकाचे कार्यक्रम गेले होते. त्या मुलाला आपली बोटे आहेत की नाहीत, हेही कळत नव्हते.

त्यानंतर दहा महिन्यांनी, २०२४ च्या ऑक्टोबरात, त्याच पिढीतल्या दुसऱ्या एका अमेरिकन मुलाने पडदा गोठणार नाही अशी दुरुस्ती केलेल्या आवृत्तीवर त्याहीपुढे मजल मारली. त्या जुन्या यंत्राला पातळ्या २५५ पर्यंतच मोजता येतात. त्याने २५५ वी ओलांडली, तेव्हा आकडा पुन्हा शून्यावर आला; ठोकळे अगदी नवशिक्याच्या वेगाने, संथपणे पडू लागले. आणि तो मुलगा पुढे खेळत राहिला.